पंख्याखालचे पाय

नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर सरळ रेघ करवतीसारखी दातेरी दिसत होती. केंद्राच्या प्रमुखबाईंनी चष्मा काढला.

"खोली थरथरतेय. आराखडा कुणाचा, चाचणी कुणाची, सगळं उद्या दहा वाजता माझ्यासमोर."

खोलीच्या वातानुकूलनाच्या कागदांवर सही कंत्राटदाराच्या पुतणीची होती. काकांच्या छोट्या कंपनीतलं तिचं पहिलंच काम. हवेचा झोत यंत्रावर येऊ नये म्हणून तिनं छताला कापडी नळी दिली होती. तिच्यातून हवा झिरपत खाली उतरे. गच्चीवरच्या मोठ्या पंख्याची थरथर खोलीत उतरू नये म्हणून त्याला आराखड्यात स्प्रिंगचे पाय दाखवले होते. चाचणीच्या दिवशी ती तापानं फणफणली होती. "मी आहे ना! तू पडून राहा," म्हणून काका एकटेच गेले. त्यांनी आणलेल्या आकड्यांखाली तिनं डोळे झाकून सही ठोकली.

संध्याकाळी तिनं तो अहवाल पहिल्यांदा नीट वाचला. कंपनांचा आलेख नको तितका गुळगुळीत होता. पंखा मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला चोवीस. पाय कितीही चांगले असोत, चोवीसच्या जागी बारीकसं टोक दिसायलाच हवं. इथं खूणही नव्हती.

मग तिनं त्याच दिवसाची तापमानाची नोंद काढली. यंत्र तेव्हा आलं नव्हतं. त्याच्या जागी तेवढीच उष्णता देणारे हीटर ठेवले होते. दिवसभर एकवीस अंशांवर सपाट रेघ, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी एक टेंगूळ. बारा मिनिटांत तापमान चार दशांश चढलं होतं. कंपनांची चाचणीही तीन दहालाच सुरू झाली होती.

ती गच्चीवर धावली. पंख्याखाली स्प्रिंगा नव्हत्याच, रबराच्या चकत्या होत्या.

"काका, तुम्ही पंखा बंद करून मोजलंत?"

"स्प्रिंगा वेळेत आल्या नाहीत गं. तारीख तर ठरलेली. म्हटलं, मागाहून बदलू."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर सही केली असतीस?" काका हसले. "उद्या मी बोलतो. तू फक्त गप्प बस."

तिनं मान डोलावली. काका सांभाळून घेतील, असंच तिला वाटलं.

"पोरीचं पहिलंच काम, बाई," दुसऱ्या दिवशी काका म्हणाले. "पायांचा अंदाज चुकला तिचा. लेकरू समजून पदरात घ्या." आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. थर्मामीटर मुठीत धरू नकोस, तुझीच ऊब मोजशील, हे तिला शिकवणारा हात.

ती बाजूला सरकली.

"बाई, पंखा जरा बंद करायला सांगता?"

पंखा थांबला. पडद्यावरची रेघ दोऱ्यासारखी सरळ झाली. तिनं तापमानाची नोंद आणि मूळ आराखडा टेबलावर ठेवला आणि टेंगळावर बोट टेकवलं.

"आराखड्यात स्प्रिंगा आहेत, गच्चीवर रबर आहे. चाचणी काकांनी घेतली, पंखा बंद ठेवून. सही माझी. न बघता केलेली."

प्रमुखबाई दोन्ही कागद घेऊन बाहेर गेल्या.

"घरचं माणूस असं उघडं पाडतात?" काका दबक्या आवाजात म्हणाले.

"काल मला विचारलं असतंत ना, काका, तर निम्मी चूक मी अंगावर घेतली असती," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाहीत."