सव्वानऊ वाजताच संपलेली मुदत

परवाना खात्याने या बाईचं वाटोळं केलं आणि वर तिलाच अडाणी ठरवलं. साहेब, हे तुमच्या तोंडावर सांगायलाच हवं.

बाई जमिनीचे नकाशे काढते. वीस वर्षांचं काम कंप्यूटरच्या एका मोफत सिस्टिमवर, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरायचा तो खात्याच्याच प्रोग्राममधून, आणि तो चालतो भलत्याच सिस्टिमवर. परवाना गेला की तिच्या सहीचा नकाशा रद्दीत.

मग तिने आहे त्याच कंप्यूटरवर दोन्ही सिस्टिम घालायला घेतल्या. डिस्कचे दोन वाटे केले. दीर मदतीला म्हणून आला आणि खुर्ची अडवून बसला.

"एका घरात दोन चुली मांडताय, वहिनी. भांडणं लागणार."

"तुम्ही लावली नाहीत म्हणजे मिळवली, भाऊजी."

दोन दिवस डोकं पिकवल्यावर यंत्र सुरू होताना विचारू लागलं, कोणती सिस्टिम हवी? तोवर शेवटची तारीख उजाडली होती. मुदत दुपारी दोनपर्यंत. सकाळभर जुन्या सिस्टिमवर नकाशे जुळवले, एक वाजता यंत्र बंद करून नवी सुरू केली, अर्ज भरून 'पाठवा' दाबलं.

'कार्यालय सकाळी दहा वाजता उघडेल.'

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. खात्याचं हे नेहमीचंच, म्हणून ती दात-ओठ खात दाबत राहिली. पावणेतीनला दिराने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"वहिनी, इथे सव्वानऊ वाजलेत."

यंत्रातलं घड्याळ एकच, पण दोन्ही सिस्टिम ते आपापल्या पद्धतीने वाचत होत्या. जुनीने लावलेली वेळ नवीला साडेपाच तास मागे दिसत होती, आणि खात्याचा प्रोग्राम तीच खरी मानत होता. बाईने वेळ बरोबर केली, 'पाठवा' दाबलं.

'मुदत संपली.'

दुसऱ्या दिवशी ती खात्याच्या खिडकीशी उभी राहिली. कारकुनाने मानही वर केली नाही.

"दोन दोन सिस्टिम घालायला कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्या प्रोग्रामने."

"घड्याळ तुमचं चुकलं, बाई. आम्ही काय करणार?"

"माझं चुकलं, कबूल. काल दुपारी एक वाजता तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? इथेच, खिडकीत."

"म्हणजे कार्यालय उघडं होतं. मग बंद आहे म्हणून मला तासभर कुणी खोटं सांगितलं? नाव लिहून द्या. मी इथेच उभी आहे."