सहावी काच

आपली बायको रोझलिन गेली हे क्लेमला कळलं ते फिलोईच्या हातमोज्यांवरून.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला तो तळमजल्यावरच्या धुलाईच्या खोलीत वाफेच्या यंत्रातून काचसामान काढत होता. दारात फिलोई येऊन उभी राहिली. ती वरच्या मजल्यावरची, मेंदूवर काम करणारी शास्त्रज्ञ. तिच्या हातात निळे मोजे तसेच होते. त्या इमारतीत मोजे घालून कुणी प्रयोगशाळेबाहेर पाऊल टाकत नाही. दाराच्या मुठीला मोजा लागला तरी लोक तासभर ऐकवतात. फिलोई दोन जिने तशीच उतरून आली होती.

"काय झालं तिला?" क्लेमने विचारलं.

डोकं जड झालंय म्हणून रोझलिन साडेआठलाच घरी निघाली होती. फेरीबोटीत खिडकीपाशी बसली. त्यांचा उतरायचा धक्का मागे पडला, पुढचे तीन पडले. शेवटच्या धक्क्यावर खलाशाने खांद्याला हलवलं तेव्हा ती गेलेली होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती.

निघण्याआधी ती धुलाईच्या दारात आली होती. काहीतरी म्हणाली. यंत्र वाफ सोडत होतं, त्या आवाजात काही ऐकू आलं नाही. क्लेमने हात वर केला. थांब, नंतर. ती हसली आणि गेली.

काय म्हणाली, एवढंच त्याला हवं होतं. बाकीचं त्याने सोसलं असतं.

एकतीस वर्षं वरच्या प्रयोगशाळेत रोझलिनचं काम एकच. नखाएवढ्या गोल काचांवर प्रथिनांचे पट्टे ओढायचे. पट्टे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यावर कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाच्या मेंदूपेशी सोडल्या की दिसतात, कारण पेशींचे तंतू त्या पट्ट्यांवरून वाट काढतात. "पेशीला डोळे नसतात रे," ती जेवताना सांगायची. "ती चाचपत जाते. एक प्रथिन म्हणतं, ये. दुसरं म्हणतं, चल हट. अशी ये-हट करत ती दुसऱ्या पेशीपाशी पोचते आणि जोडली जाते. तुझ्या डोक्यातसुद्धा असंच झालंय. फक्त तुझ्यात 'हट' जरा जास्त पडलंय."

दर खेपेला ती पाच काचा पट्ट्यांच्या करायची आणि सहावी कोरी ठेवायची, तुलनेसाठी. कोऱ्या काचेवर तंतू वाट्टेल तिकडे पसरतात.

अंत्यविधीनंतरच्या सोमवारी फिलोईने रोझलिनच्या शेवटच्या सहा काचांवर पेशी सोडल्या. गुरुवारी तिने क्लेमला वर बोलावलं.

"अंकल, बसा. आधी हे वाचा."

रोझलिनची वही होती. मंगळवारची तारीख. शेवटची ओळ तिच्या ठसठशीत अक्षरात: सहावी, कोरी. क्लेमला दाखवणे.

"कोऱ्या काचेत मला काय दिसणार होतं?"

"तेच म्हणते मी. पेशीसुद्धा नव्हत्या तेव्हा. नुसती काच." फिलोईने सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे वळवला. "आता बघा."

क्लेमने पाहिलं. शेकडो तंतू, सगळे एकाच दिशेने. प्रत्येकाच्या टोकाला पंजा, बोटं पसरलेली.

"तिच्याकडून चुकून पट्टा पडला असेल."

"रोझलिनकडून? एकदा मी द्रावणात चमचाभर जास्त मीठ घातलं तर तिने मला आठवडाभर 'समुद्र' म्हणून हाक मारली. तिच्या हातून चूक?" फिलोई हसली. "आणि ही चूक नाहीच, अंकल. मी काल काच अर्धी फिरवून उबेच्या कपाटात ठेवली. प्रथिन काचेला चिकटलेलं असतं. काच फिरली की वाटही फिरते. आज सकाळी टोकं पुन्हा वळलेली होती. कपाटाच्या दाराकडे."

"दाराबाहेर काय आहे?"

"ही खोली. हे स्टूल. तुम्ही रोज दुपारी तिचा डबा न्यायला येऊन बसायचात ते."

त्यानंतर क्लेम रोज त्या स्टुलावर बसायला लागला. धुलाई आटपली की वर यायचा, कपाटासमोर बसायचा. शुक्रवारी टोकं पुढे सरकली होती. शनिवारीही. फिलोई छायाचित्रं काढून ठेवत होती. सलग लावली की पंजे मिटताना, उघडताना दिसत, आंधळा माणूस भिंत चाचपतो तसे.

रविवारी त्याला ताप होता. तो घरीच पडून राहिला.

सोमवारी सकाळी फिलोईचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "काल तुम्ही आला नाहीत ना?"

"नाही. का?"

"तंतू विस्कटलेत. सगळीकडे पांगलेत. कोऱ्या काचेवर पांगायला हवेत तसे."

तो तापातच फेरीबोट पकडून आला. स्टुलावर बसला. दुपारी दोन वाजता फिलोईने काच तपासली आणि सूक्ष्मदर्शकावरून तोंड न उचलता म्हणाली, "वळतायत."

मग ती वळून त्याच्यासमोर बसली. "अंकल, मला भीती वाटते. आपण रंग घालू या. तिने काचेवर काही घातलं असेल, तर ते कुठलं आणि कुठे, सगळं उजळून दिसेल. तिला काय दाखवायचं होतं ते कळेल."

"आणि पेशी?"

"रंगाआधी पेशी मारून जाग्यावर गोठवाव्या लागतात. त्याला इलाज नाही."

"नाही घातला तर?"

"दोन-तीन आठवड्यांत आपोआप मरतील. मग रंगायला काहीच उरणार नाही. रंग घालायचा तर हात तुमचा हवा. बायको तुमची होती."

क्लेमने उबेच्या कपाटाकडे पाहिलं. दाराच्या काचेत त्याचाच चेहरा दिसत होता. रंग घातला तर कदाचित तिचं बोलणं कळेल आणि ती टोकं थांबतील. नाही घातला तर ती त्याच्याकडे येत राहतील आणि काय म्हणायचंय ते कधीच कळणार नाही. त्या सकाळी त्याने हात वर केला होता. आता त्याच हाताने पुन्हा 'थांब' म्हणायचं होतं.

"उद्या," तो म्हणाला.

त्याला आज नऊ दिवस झाले. रंगाची नळी बर्फात आहे. ती अजून उघडलेली नाही.