रात्रीची पट्टी

"हसताना तोंडावर हात धर, शिवांजली." माहेरी मुरगूडला अव्वा, म्हणजे माझी आई, हे इतक्यांदा सांगायची की, हसू यायच्या आधी माझा हात वर जायचा.

माझे पुढचे दात बाहेर होते. बघायला आलेले पावणे त्यावरून परत गेले, तेव्हा अव्वानं मला राजारामपुरीत दातांच्या डॉक्टरकडे नेऊन तारा बसवल्या. दात आत गेले. लग्न होऊन कागलला आले. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रात्री घालायची पट्टी बाळंतपणाच्या धामधुमीत हरवली ती हरवलीच. आता सत्तेचाळिशीत दात पुन्हा थोडे पुढं आलेत.

मला ते खुपत नव्हते. मुलाच्या, शिवशरणच्या, साखरपुड्याचे फोटो बघून आमचे हे म्हणाले, "दात आदी आल्यात, तू मागनं आलीस. लोकं हसत्यात."

ह्यांनी मला दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वर्षाराणींनी एक्स-रे दाखवला. "अलायनर म्हणजे पारदर्शक साचे. दात मागं येतील. पण पहिल्या तारांनी मुळं झिजून आखूड झालीत, हाडही उतरलंय. पुन्हा ओढले तर हलायला लागतील. चावताना त्रास होतो?"

"नाही."

"मग राहू द्या. आहेत तिथं धरून ठेवायला रात्रीची पट्टी पुरे."

"हलतील तवा हलतील की, डॉक्टर," हे म्हणाले. "लगीन आता हाय."

"दात त्यांचे आहेत. त्यांनी सांगावं."

मला अव्वा आठवत होती. मशेरी लावून लावून तिच्या हिरडीला कॅन्सर झाला, अर्धा जबडा काढला. चमच्यानं पाजलेली आंबील हनुवटीवरून ओघळायची. एकदा ती पुसताना मला रडू फुटलं, तोंडावर हात गेला. अव्वानं तो ओढून काढला. अर्ध्या तोंडानं म्हणाली, "झाकू नगं. दात हाईत तवर चावून खा. जपशील न्हवं?"

"व्हय अव्वा," म्हटलं मी. त्याच आठवड्यात ती गेली.

सकाळी लिंगपूजा होईपर्यंत मी बोलत नाही, पाणीही घेत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम. ह्यांना तो ठाऊक आहे. तरी दुसऱ्या दिवशी मी विभूती लावत असताना ह्यांनी दारात येऊन विचारलं, "साचं करायचं न्हवं? नको असंल तर आत्ता सांग."

गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर होतं. मी मान वर केली नाही.

बाहेर जाऊन ह्यांनी दवाखान्यात फोन लावला. "व्हय, तयार हाय. न्हाय म्हटली न्हाय ती. अकराला येतीया, मापं घ्या."

पूजा उरकून मी चहा दिला. "अहो, साचे नकोत मला. पट्टी करून घेते."

हे कपाकडेच बघत होते. "मग लग्नात फोटोला मागं उभी ऱ्हा. पोराची शोभा नको."

शिवशरण शेजारीच मोबाईल बघत होता. त्याचं बोट थांबलं. मग पुन्हा सरकायला लागलं.

मी भाकरी मोडून घेतली. सावकाश चावून खाल्ली, चूळ भरली. पायरीशी चपला घातल्या आणि पट्टीचं माप द्यायला अकराच्या आत पोचावं म्हणून स्टँडकडे निघाले.