क्रमांक सात पहिला आला

त्या दिवसापासून जो भेटतो तो विचारतोय, "सोनाली, दुसरी आलीस म्हणं?" दुसरी? माझ्याआधी काठाला एक माणूस लागला नव्हता. लागली ती फळी, अन ती पण माझ्याच हातात होती. आता नीट ऐका.

आमचं गाव जेऊरच्या खाली, उजनीच्या पाण्याकडंला. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, गाळावर गवत उगवतं अन माझे आबा, हरिबा, मेंढरं घेऊन तितं बसतात. जून लागला की पश्चिमेचा वारा सुटतो. असा सुटतो की मेंढरं पण त्याला पाठ करून उभी राहतात. ह्याच वाऱ्यापायी सोलापूरचे गुरुशांत सर आमच्याकडं आले. आधी ते गोव्यात पतंगानं पाण्यावर पळायला शिकवायचे. वर खाटंएवढा नव्हं, अख्ख्या खोलीएवढा पतंग, कमरेला पट्टा, पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग तुमाला ओढतो अन तुमी पाण्यावरनं सुसाट. सरांना पतंग धरायला, दोऱ्या सोडवायला माणूस लागायचं. मी मेंढरं राखता राखता ते करायचे. सरांनी मला शिकवलं. तीन वर्सं झाली. त्यांचा दंडक एकच: कुणाची फळी सुटली तर जवळ असंल त्यानं आणायची. शर्यत असली तरी आणायची.

यंदा शासनाला पण आमचा वारा दिसला. जलक्रीडा महोत्सव लागला. जो पहिला येईल त्याला हितल्या नव्या केंद्रावर शिकवायची नोकरी, कायमची. मला ती पायजे होती. लाजू कशाला, लई पायजे होती. भाऊ पुण्याला कंपनीत गेला, आबांचं गुडघं गेलं. आबा म्हणले होते, "नोकरी लागली तर निम्मी मेंढरं विकतो अन हितंच ऱ्हातो. न्हाय लागली तर दिवाळीनंतर तू माझ्यासंगं चल. मेंढरांमागं चार महिनं फिरायचं, तोंड वाकडं करायचं न्हाय." मी व्हय म्हणलं होतं. धनगराची पोर हाय मी, शब्द फिरवत न्हाय.

महोत्सवाचा थाट बघायचा होता तुमी. जलक्रीडा कक्षाचे साहेब आले, संगं हमजा म्हणून कारकून अन एक जाडजूड नोंदवही. आमा सातही जणांना सारखीच नारिंगी जाकिटं अन सारखीच टोपडी. नंबर फकस्त फळ्यांवर. मी हमजाला विचारलं, "आमच्या अंगावर नंबर न्हाय व्हय?" बिचारा खाली बघून म्हणला, "ताई, नंबर मालाला असतो. माल जमा करून घ्यावा लागतो. माणसं कुठं जमा करायची असतात?"

माझी फळी बारा नंबरची. सात नंबर शिवकुमारची. हा तालुक्याच्या गावचा, बापाचा मांडवाचा धंदा. महोत्सवाचा मांडव, खुर्च्या, माईक सगळं बापाचंच. पोरगं वाईट न्हाय. वारा मंद असला की झ्याक चालवतं. पण मांडवामागं एक फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला, त्याचा एक कोपरा वाऱ्यानं उघडलेला. त्यावर शिवाचा गॉगलातला फोटो अन 'हार्दिक अभिनंदन'. शर्यत अजून सुरू व्हायची होती! मी विचारलं तर म्हणतो कसा, "अगं सोने, छपाईला दोन दिवस लागतात."

शिट्टी झाली. पलीकडच्या बुडालेल्या बाभळींना वळसा मी पहिला घातला. मागं शिवा. निम्म्या वाटंवर आरोळी आली, "सोने, फळी! फळी!" वळून बघते तर पतंग पाण्यावर आडवा, गडी गळ्यापतूर पाण्यात अन सात नंबरची फळी एकटीच निघालेली, मासेवाल्यांच्या जाळ्यांकडं. माझ्या तोंडात शिवी आली. ती मी दिली. मग पतंग वळवला.

फळी हाताला लागंपतूर मासेवाल्यांनी शिवाला होडीत ओढून घेतला होता. तितनंच तो वरडला, "काठाला घेऊन जा तू!" मग काय, एका हातात पतंगाचा दांडा, दुसऱ्या हातात त्याची फळी काखंपाशी धरलेली, अशी मी निघाले. एवढं होऊन पण बाकीचे पाच जण मागंच. काठाला मी पहिली लागले. आबा मेंढरं टाकून पळत आले. त्या गुडघ्यांनी.

साहेब मांडवात दुर्बीण लावून बसलेले. माझी फळी माझ्या पायाखाली, पाण्यात. ती त्यांना दिसंल कशी? दिसली ती हातातली. "क्रमांक सात, पहिला!" हमजानं लिहिलं. मग मी खाली उतरून माझी फळी उचलली. "क्रमांक बारा, दुसरा!"

मी मांडवात गेले. "साहेब, दोन्ही फळ्या मीच आणल्यात की. सात नंबरवाला त्यो बघा, अजून होडीत हाय."

साहेबांनी दुर्बीण लावली. होडी बघितली, शिवाला बघितलं. "तुमचं बरोबर आहे. पण आता नोंद झाली ना."

"मग खोडा."

"शासकीय नोंदवही आहे बाई ही. शाळेची पाटी नव्हे."

गुरुशांत सर भांडले. त्यांना लेखी अर्ज करा म्हणून सांगितलं. तवर फ्लेक्स वर चढला, शिवा होडीतनं उतरला अन त्याच्या गळ्यात हार पडला. गडी निथळत होता. हाराची फुलं पण निथळायला लागली. माईक हातात दिल्यावर त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, बापाकडं एकदा बघितलं अन म्हणला, "माझ्या यशात सोनालीताईंचा पण हातभार हाय." ताई! पाण्यात असताना सोने होते, कोरड्यावर आल्यावर ताई झाले.

आबांनी विचारलं, "पोरी, तू आधी आलीस न्हवं?"

"व्हय आबा."

"मग हार त्येच्या गळ्यात कसा?"

काय सांगू त्यांना? मला रडू आलं. दुःखानं न्हाय, संतापानं आलं. अन मेंढरांमागं चार महिन्यांची पायपीट डोळ्यापुढं उभी राहिली.

दुपारी सोलापुरातनं साहेबांचे साहेब आले. त्यांना फोटो पायजे होता, विजेता पाण्यावर पळतोय असा. वारा तवर दुप्पट झालेला. सर म्हणले, "नको, आता पोराला झेपणार नाही." आमचे साहेब म्हणले, "पाचच मिनिटं हो, फोटोपुरतं." शिवाचं तोंड पांढरं पडलेलं. पण हार घातलेल्या माणसाला नको म्हणता येत न्हाय.

दोन मिनिटं पण टिकला न्हाय. पतंगानं झटका दिला, फळी एकीकडं गेली, शिवा दुसरीकडं. अन ह्या वेळेला पतंग पडला न्हाय. तो त्याला फरफटत बाभळींकडं घेऊन निघाला. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं न्हाय का, बसू दे गड्याला काट्यावर? वाटलं. खोटं कशाला बोलू? मग पतंग उचलला अन गेले.

"कमरेची कळ वढ, मेल्या! सोड पतंग!" दोनदा वरडल्यावर त्यानं वढली. पतंग लुळा पडला. बाभळी हाताच्या अंतरावर आलेल्या. मी जवळनं गेले, त्यानं माझ्या पट्ट्याला मागनं मिठी मारली अन मी त्याला ओढत काठाकडं वळले. मागनं म्हणतो, "सोने, मी मगाशी बोलायला पायजे होतं."

"मग काठावर बोल. हितं माशांना सांगून काय उपेग?"

अन बोलला की! ओल्या अंगानं माईक घेऊन बोलला, "मी पहिला आलो न्हाय. सोनाली आली. मी होडीत होतो." बाप माईक बंद करायला धावला, पण स्वतःच्याच माईकचं बटन त्याला सापडंना. मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांकडं बघितलं. आमचे साहेब उठून म्हणले, "आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. परंतु नोंद झालेली आहे."

मी सरळ आबांकडं चालायला लागले. तेवढ्यात हमजा हळूच म्हणला, "साहेब, सात नंबर जमा नाही."

"हा काय, उभा आहे ना समोर."

"तो नाही साहेब. फळी. ताबा तुमच्या सहीनं घेतलाय. जमा झाली नाही तर वसुली तुमच्या पगारातनं."

साहेब मांडवातनं निघाले ते थेट पाण्याच्या कडंला. बूट भिजले तरी भान न्हाय. "फळी कुठंय? कुठं गेली फळी?" ती पार लांब एक ठिपका झालेली, धरणाच्या भिंतीकडं निघालेली. साहेब माझ्याकडं वळले. "सोनाली मॅडम, जरा बघता का?" सकाळची बाई मॅडम झाली.

"आणते की. आधी नोंद दुरुस्त करा."

"अहो, तसं करता येत नाही…"

"बरं," मी म्हणलं अन पतंगाच्या दोऱ्या गुंडाळायला लागले.

साहेबांनी ठिपक्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं, परत ठिपक्याकडं. "हमजा, लाल पेन काढ."

हमजानं सातावर रेघ मारली, बाराला पहिला लिहिलं, पुढं माझं नाव पुरं लिहिलं. साहेबांनी सही केली. आबा वाकून वाकून बघत होते, वाचता येत नसलं तरी. हमजा म्हणला, "दुरुस्तीचं कारण लिहावं लागतं, साहेब."

"लिही, नजरचूक."

मी वहीवर हात ठेवला. "नजरचूक न्हाय. खरं कारण लिहा."

"मग काय लिहायचं?"

"फळी हरवली."

हमजानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी पाण्याकडं बघितलं. ठिपका आता दिसतोय का न्हाय, असा झाला होता.

"लिही," साहेब म्हणले, "लवकर लिही."