वाडीचा नकार

डोंगरावरच्या ठाकरांच्या वाडीत नकार द्यायची एकच रीत होती, गप्प बसायचं. सोयरीक असो की जत्रेचा बकरा, पसंत असेल तर तोंड भरून "होय" म्हणायचं. नसेल तर जमिनीकडे बघत बसायचं. समोरचा काय ते समजायचा. तोंडावर नाही म्हणणं वाडीला उद्धटपणाचं वाटे.

वाडीची पंचायत मात्र खालच्या गावात. विहीर मंजूर झाली की ती हमखास गावातच खणली जायची. म्हणून वाडीनं स्वतःची वेगळी पंचायत मागितली, आणि चौकशीला कर्जतहून साहेब आले.

सभेला अख्खी वाडी उतरली. नवशा पंचायतीतला वाडीचा एकुलता मेंबर. माथेरानच्या हॉटेलात राबून त्याला साहेबलोकांच्या चालीरीती कळत, म्हणून तर वाडीनं त्याला निवडलं. एरवी तो सभेत दाराशी उभा असायचा. आज सरपंच अप्पांनी हाताला धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं, कपबशीतून चहा दिला. स्वारी फुगली.

साहेबांनी विचारलं, "वाडी गावाच्याच पंचायतीत ठेवावी, असं सरपंचांचं म्हणणं आहे. कुणाची हरकत?"

वाडी जमिनीकडे बघत गप्प बसली. साहेबांनी पुन्हा विचारलं. वाडी ढिम्म हलली नाही.

नवशा खुर्चीच्या कडेवर सरकला. इथं गप्प बसणं म्हणजे कबुली, हे वाडीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, ही मानसं नाय म्हनत्यात." पण खांद्यावर अप्पांचा हात होता, आणि हा बहाद्दर हातातली बशी सांभाळत बसला. साहेबांनी मान डोलावली, सही केली आणि ते जीपकडे निघाले.

चढणीवर वाडी खुशीत होती. म्हातारी ठकूबाई नवशाची पाठ थोपटत म्हणाली, "दोनदा इचारलान, पन एक मानूस हलला नाय! तू बी खुर्चीत बसून गप्प ऱ्हायलास. शोभलास रं वाडीचा!"

नवशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चहाची चव अजून तोंडात होती, तिचीच त्याला लाज वाटत होती.

वाडीच्या तोंडाशी ठकूबाई थांबली. "मंग आता आपली पंचायत आपल्याला मिलनार ना रं?"

नवशा जमिनीकडे बघत राहिला.

तिनं पुन्हा विचारलं. तो गप्पच. तिच्या तोंडावरचं हसू उतरलं. पुढं गेलेली माणसं मागं वळून थांबली.

"म्या बोलाया पायजे होतं," नवशा कसाबसा म्हणाला. "माफ करा मला."

कुणीच काही बोललं नाही. सारी वाडी जमिनीकडे बघत उभी होती.