तिसऱ्या गिटारची वायर

“अहो, वायर घेतली का?” बायकोनं आतून विचारलं, आणि फ्रेमवाल्याच्या हातातून बुटाची लेस सुटली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईनं कधी वायरचं नाव काढलं नव्हतं. गिटार घेतली का, चष्मा घेतला का, रुमाल घेतला का, हे ठरलेलं. वायर आजच कशी आठवली हिला?

“घेतली की. पिशवीत आहे.”

खोटं नव्हतं ते. वायर नेहमीच असायची. तिचं दुसरं टोक कशातच जात नव्हतं, एवढंच. आणि ही गोष्ट बँडमधल्या चौघांशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी त्याची खात्री होती.

त्याचं असं झालं होतं. एके काळी गावाला गिटारीचं नुसतं वेड लागलं होतं. सायकलवाल्याकडं एक होती, तिला एक तार ब्रेकची. कंपाउंडरकडं एक होती, पाठीला तडा गेलेली, त्यानं दवाखान्यातलं प्लास्टर लावून बरी केलेली. आणि फोटोच्या चौकटी करणाऱ्या आपल्या या गड्याकडं होती एक लाल, भरीव लाकडाची, इलेक्ट्रिकवर चालणारी. तिसऱ्या हाताची. पाटासारखी जड. वायर लावली नाही तर आवाज किती? डबीत माशी अडकावी एवढा.

बँड चौघांचा, लग्नांत वाजवायचा. रेडिओ दुरुस्त करणारा गायचा आणि पुढची गिटार वाजवायचा. केस वाढवले होते म्हणून त्याला हिरो म्हणायचे. बेकरीवाला जाड तारांची गिटार वाजवायचा. पोस्टमन ड्रमवर. आवाज मोठा करायचा डबा हिरोनं स्वतः जोडलेला, आणि त्याला भोकं दोनच. एक हिरोचं, एक बेकरीवाल्याचं.

“आजच्या दिवस तू तसाच बस,” पहिल्या लग्नात हिरो म्हणाला होता. “वायर डब्यामागं टाकून दे, कोण बघतंय? पुढच्या वेळी तिसरं भोक पाडतो.”

ते भोक काही पडलं नाही. डबा उघडला की आठवडाभर रुसायचा, म्हणून कुणी उघडेचना. फ्रेमवाला बापडा प्रत्येक लग्नात कोपऱ्यात बसून जीव तोडून वाजवायचा, आणि ड्रमच्या दणक्यात त्याचं त्यालाही ऐकू यायचं नाही.

मग सोडलं का नाही? सोडलं की! दोनदा सोडलं. दोन्ही वेळा तिघं दुकानात येऊन बसले. पुसलेल्या काचांवर बोटं उमटवत म्हणाले, “तू नसलास की जमत नाही रे.” याला वाटायचं, कीव करताहेत. पण पाय निघायचा नाही. परत जायचा.

अशाच एका लग्नात ही भेटली. नवरीची मामेबहीण. पुढं हिचं-त्याचं जमलं, संसार झाला, आणि तिची फुशारकी सुरू झाली. “आमच्या ह्यांनी अख्खं गाव नाचवलंय!” दूधवाल्यापासून विहिणीपर्यंत सगळ्यांना सांगायची. हा मान खाली घालून चहा प्यायचा. संध्याकाळी ती भांडी घासायला लागली की हा स्टुलावर बसून लाल गिटार छेडायचा. तोच आत नळ बंद व्हायचा. हिची भांडी संपणं आणि याचा पहिला सूर, रोज कसे एकदमच जुळतात, याचं त्याला नवल वाटायचं.

आता गावातला जुना हॉल पाडणार होते. पाडायच्या आधी जुन्या बँडनं एक गाणं वाजवावं, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. दुपारची वेळ. हॉल भरलेला. हिरोला टक्कल पडलं होतं, तरी तो हिरोच. बायको दुसऱ्या रांगेत, नव्या साडीत.

माईकवाला फ्रेमवाल्यापुढं आला. “काका, द्या इकडं वायरचं टोक.”

“राहू दे. आमच्या डब्याला दोनच...”

“कुठला डबा काका? आठ भोकं आहेत आपल्याकडं. बसा निवांत!”

खट्. बसली वायर.

फ्रेमवाल्यानं दुसऱ्या रांगेकडं पाहिलं. आजवर आपला आवाज चारचौघांत त्यानंच ऐकला नव्हता. आज बायको ऐकणार. इतकी वर्षं मिरवलेला नवरा म्हणजे नुसता देखावा होता, हे आज भर सभेत तिला कळणार.

पोस्टमननं काड्या आपटल्या. गाणं सुरू झालं. फ्रेमवाल्यानं तारेला हात लावला आणि हॉलभर असा काही खणखणाट झाला की तो स्वतःच दचकला. हात जागच्या जागी लाकूड झाला. आणि मग नवलच झालं. पोस्टमन पुढं पळाला. बेकरीवाला मागं पडला. हिरो मधेच कुठंतरी हरवला. गाण्याची पार भंबेरी उडाली.

हिरो माईकवर हात ठेवून खेकसला, “अरे, हात हलव ना!”

“आवाज फार होतोय रे.”

“आवाज गेला खड्ड्यात! तू हात हलव! सगळे तुझ्या हाताकडं बघून तर वाजवतो!”

“माझ्या?”

“मग काय हिरोच्या टकलाकडं?” पोस्टमन मागून ओरडला. “तुझा हात वर गेला की मी मारतो. पहिल्यापासून!”

बेकरीवाल्यानं नुसती मान हलवली. त्याला त्याहून जास्त बोलायची सवय नव्हती.

फ्रेमवाल्यानं त्या तिघांकडं पाहिलं. मग गिटारीवरचं बटण पार शून्यावर फिरवलं, आणि हात हलवायला लागला. खाली, वर, खाली, वर. गाणं रुळावर आलं. मागच्या रांगेत लोक उठून नाचायला लागले. शेवटच्या कडव्याला कोण जाणे काय वाटलं त्याला, त्यानं करंगळीनं बटण चिमूटभर वर केलं. चिमूटभरच.

घरी परतताना बायको म्हणाली, “शेवटी-शेवटी ऐकू आलात.”

तो रस्त्यातच थांबला. “तुला कसं कळलं तो मी ते?”

“ओळखीचा आवाज आहे. रोज ऐकते मी तो.”

“आणि वायरचं?”

“आतेबहिणीच्या लग्नात डब्याशेजारीच बसले होते की मी. तुमची वायर माझ्या चपलेखाली होती.”

“मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

“काय बोलायचं? म्हटलं, जो माणूस वायर लावलेली नसताना एवढं मन लावून वाजवतो, तो संसारात काय फसवणार!” ती हसली. “चला आता. सकाळची भांडी तशीच पडलीत.”

घरी आल्यावर ती पदर खोचून भांड्यांना लागली. तो स्टुलावर बसला, लाल गिटार मांडीवर घेतली आणि छेडली. डबीतली माशी गुणगुणली. आत नळ बंद झाला.

आज त्यानं मान वळवून पाहिलं. निम्मी भांडी फेसात तशीच होती. ती ओले हात धरून पाठमोरी उभी.

“थांबलात का?” ती न वळताच म्हणाली. “वाजवा की.”

त्यानं पुन्हा हात फिरवला. नळाच्या तोंडाशी थेंब जमत होता. तिनं बोट लावून तो अडवला.