खानावळीचा फोटो

डिलाईल रोडच्या चाळीत आई गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. ताटं घासायला घेण्याआधी ती एकेक ताट निरखायची. कोणी काय टाकलंय, त्यावरून उद्याचा बेत ठरायचा.

मी तिच्या रेसिपींचा ब्लॉग चालवते. त्यातल्या लिंकवरून कोणी मिक्सर घेतला की मला कमिशन मिळतं. पण ॲनालिटिक्स उघडलं तर लिंकला कुणी हातच लावत नव्हतं. सगळे क्लिक खानावळीच्या जुन्या फोटोवर. पंगतीत बसलेले तीसेक कामगार आणि भात वाढायला वाकलेली आई.

"मग फोटोलाच लिंक लाव ना," माझा भाऊ सुशांत म्हणाला. मला ते फार हुशारीचं वाटलं. लावली. मिक्सरच्या पानावर झुंबड उडाली, पण विकला एकही गेला नाही. मेल्यांनो, नुसते बघता काय, घ्या की! मी स्क्रीनवरच खेकसले.

मग भोईवाड्याहून एका बाईंचा मेल आला.

"ताई, आमच्या अप्पांचा कुठेच फोटो नाही, तुमच्या पंगतीत तेवढे दिसतात. आधी बोट लावलं की त्यांचा चेहरा मोठा व्हायचा. आता मिक्सर येतो."